डाखाऊ पाहिल्यावर दादीला विचारलेला प्रश्न

(करमाड येथे तरुण मुलामुलींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलावणाऱ्यांनी सांगितलं होतं, "जर्मनीत राहून आलीस, मुलांना काहीतरी प्रेरणा मिळेल असं बोल." तर आधीच माफी मागते. जर्मन भाषा कशी शिकायची, व्हिसा कसा काढायचा हे मी चहाच्या वेळी सांगेन. इथे मी एका वेगळ्या दिवसाबद्दल बोलणार आहे.

माझी ओळख अशी की मी करमाडचीच. शाळा इथे, मराठी माध्यमात. मग औरंगाबादला इंजिनिअरिंग आणि आता शेंद्र्यातल्या एका कंपनीत नोकरी. आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो. 2024 च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने मला तीन महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी बव्हेरियात पाठवलं. नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी सोबतचे सगळे बर्फ बघायला डोंगरात गेले आणि मी एकटी म्युनिकहून लोकल पकडून डाखाऊला गेले. डाखाऊ हे गाव आहे, आणि त्याला लागून नाझींची पहिली मोठी छळछावणी होती. आज तिथे स्मारक आहे.

मी तिथे का गेले, याचं खरं कारण सांगायला मला लाज वाटते. पण तेच सांगितलं नाही तर बाकीच्या बोलण्याला अर्थ नाही.

मे 2021. गाझावर बॉम्ब पडत होते. आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर लहान मुलांचे ते फोटो येत होते. रमजानचे शेवटचे दिवस होते, आणि राग कुठे ठेवावा तेच कळत नव्हतं. त्या रात्री मी स्टेटसला हिटलरचा फोटो ठेवला. खाली एक वाक्य होतं. काही ज्यूंना आपण मुद्दाम जिवंत सोडलं, म्हणजे बाकीच्यांना का मारलं ते जगाला कळेल, अशा अर्थाचं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते पाहिलंय, हसू नका. काहींनी पाठवलंही असेल. हिटलर असं कधी बोलल्याचा काहीही पुरावा नाही. कुणीतरी रचलंय आणि आपण सगळे ते पुढे ढकलत आलोय. मला त्यावर भरपूर लाल बदाम आले. फक्त शाळेतल्या माझ्या मराठीच्या निवृत्त बाईंनी एका ओळीचा मेसेज केला, "हे तू ठेवलंयस?"

मी स्टेटस काढून टाकलं. पटलं म्हणून नाही, बाईंचा धाक म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फोन केला. ओरडल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "तू आयुष्यात एक तरी ज्यू माणूस पाहिलायस?" नव्हता पाहिला. मग त्या म्हणाल्या, अगं, ज्यू मराठीच बोलतात. कोकणात, अलिबागकडे, तेलाचे घाणे चालवणारे लोक होते. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. हे बेने इस्रायल. शेकडो वर्षं आपल्यात राहिले, मराठीत कीर्तनं केली. 1948 नंतर बरेचसे इस्रायलला गेले आणि तिथेही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला ज्यू म्हणजे फक्त बातमीतलं विमान आणि रणगाडा एवढंच माहीत होतं.

तो फोन डोक्यात राहिला होता. म्हणून गेले.

म्युनिकहून डाखाऊ वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. म्हणजे करमाडहून औरंगाबाद तेवढंच धरा. स्टेशनवरून 726 नंबरची बस. बसमध्ये भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, शाळेची पोरं. मला वाटलं होतं की अशी जागा कुठेतरी जंगलात, लोकांपासून लांब असेल. तसं काही नाही. घरं आहेत, बागा आहेत, आणि मधेच ती भिंत सुरू होते.

फाटकावर लोखंडी अक्षरांत लिहिलंय की कामाने मुक्ती मिळते. हे फाटक 2014 मध्ये चोरीला गेलं होतं आणि दोन वर्षांनी थेट नॉर्वेत सापडलं. मूळ फाटक आता आत संग्रहालयात आहे आणि बाहेर त्याची नक्कल. आत गेलं की एक प्रचंड मोकळं मैदान लागतं. पायाखाली खडी. तिथे रोज सकाळ-संध्याकाळ कैद्यांची हजेरी व्हायची. कोणी कमी भरला की सगळे तासन् तास उभे. 34 बराकी होत्या. आज दोन पुन्हा बांधलेल्या आहेत, बाकीच्यांच्या जागी फक्त पाया दाखवणारे चौकोन.

माझ्या पुढे एका शाळेची सहल होती. पंधरा-सोळा वर्षांची मुलं, काही जण कंटाळलेली, एक जण च्युइंगम चघळत होता. बव्हेरियात शाळेतल्या मुलांना अशा स्मारकाला आणणं हा शिक्षणाचाच भाग आहे. त्यांच्यातल्या एका मुलीने विचारलं, "गावातल्या लोकांना हे माहीत होतं का?" मार्गदर्शक बाई साठीच्या असतील. त्या म्हणाल्या, "छावणी उघडणार ही बातमी मार्च 1933 मध्ये म्युनिकच्या वर्तमानपत्रात छापून आली होती. पाच हजार माणसं मावतील, असंही त्यात होतं." बस्, एवढंच. पुढे कुणी काही विचारलं नाही.

22 मार्च 1933 ला पहिले कैदी आले. ते ज्यू म्हणून आणलेले नव्हते. ते कम्युनिस्ट होते, समाजवादी होते, सरकारविरुद्ध लिहिणारे-बोलणारे होते. नोव्हेंबर 1938 मध्ये जर्मनीभर ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं जाळली, तेव्हा सुमारे 11,000 ज्यू पुरुष एकट्या डाखाऊत आणून टाकले. बारा वर्षांत 40 हून जास्त देशांतले दोन लाखांवर कैदी इथे आणि इथल्या उपछावण्यांत येऊन गेले. किमान 41,500 मेले. आणि डाखाऊ तर ऑशविट्झच्या मानाने लहान. ऑशविट्झमध्ये अकरा लाख माणसं मारली गेली, त्यातले दहा लाख ज्यू. पूर्ण युरोपात साठ लाख ज्यू.

आणि एक गोष्ट आपल्या शेंद्र्याच्या लोकांसाठी. जवळच आलाख इथे बीएमडब्ल्यूचा विमानाची इंजिनं बनवणारा कारखाना होता आणि तिथे डाखाऊचे हजारो कैदी राबवले गेले. कंपनी आज ते स्वतः मान्य करते. शिफ्ट, टार्गेट, सुपरवायझर हे सगळे शब्द मी रोज वापरते. त्या दिवशी ते शब्द पुन्हा वाचताना मला कसंतरी झालं.

आता जे सांगते त्यासाठी मी हे सगळं बोलतेय.

भुकेने संपत आलेल्या कैद्यांची छायाचित्रं एका भिंतीवर होती. हाडं, डोळे, बाकी काही नाही. मार्गदर्शक बाई मुलांना सांगत होत्या की माणूस एका टप्प्यानंतर जगायची इच्छाच सोडून देतो. भाकरीसाठीसुद्धा हात पुढे करत नाही. मारलं तरी चुकवत नाही. वेगवेगळ्या छावण्यांत अशा माणसाला कैद्यांच्या भाषेत वेगवेगळी नावं होती. मग त्या माझ्याकडे बघून थोड्या थांबल्या. माझ्या डोक्यावर स्कार्फ होता. "ऑशविट्झमध्ये वापरला जाणारा शब्द," त्या म्हणाल्या, "मुझेलमान."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. नंतर मी त्यांना बाजूला गाठून विचारलं. त्या संकोचल्या, पण लपवलं नाही. हो, मुसलमान. मरायला टेकलेल्या ज्यूला इतर ज्यू कैदी मुसलमान म्हणायचे. का म्हणायचे याबद्दल एकमत नाही. कोणी म्हणतं, अशक्तपणामुळे माणूस वाकायचा, जमिनीवर बसून डुलायचा, ते लांबून नमाजसारखं दिसायचं. कोणी म्हणतं, मुसलमान नशिबावर हवाला ठेवून गप्प बसतात अशी युरोपात जुनी समजूत होती, त्यावरून. ऑशविट्झमधून वाचलेले प्रिमो लेव्ही यांनी या माणसांबद्दल लिहिलंय.

पहिल्यांदा मला रागच आला. खोटं कशाला बोलू? मरतानासुद्धा आमच्याच नावाने टोमणा! मी बाहेर येऊन त्या खडीवर उभी राहिले. थंडी होती, नाक गळत होतं. आणि मग सुचलं की मी तरी काय केलं होतं? तीन वर्षांपूर्वी माझ्या मोबाइलवर मी त्याच माणसांच्या मारेकऱ्याचा फोटो लावला होता. ते मरत होते तेव्हा त्यांच्या तोंडी माझ्या कौमचं नाव होतं आणि माझ्या स्टेटसला त्यांना मारणारा. या दोन गोष्टी मी अजूनही नीट लावू शकलेले नाही. तुम्हाला जमलं तर मला सांगा.

एक मात्र तिथेच ठरवलं. गाझासाठी माझं जे काळीज तुटतं ते तुटतच राहील. त्यासाठी मी कुणाची परवानगी घेणार नाही. पण त्यासाठी हिटलर लागत नाही. त्याचं आत्मचरित्र आपल्याकडे बसस्टँडवर मराठीत मिळतं, व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांच्या शेजारी. पोरं कौतुकाने घेतात, हिंदू घेतात, आपलेही घेतात. त्याच पुस्तकात त्याने हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची टर उडवलीय आणि इथे इंग्रजच राहिलेले बरे असं लिहिलंय. हे घेणाऱ्यांपैकी किती जण वाचतात कोण जाणे.

आपण मुसलमान असल्या विषयावर बोलायला लागलो की लगेच अल्बानियाची गोष्ट सांगतो. तिथल्या मुस्लिम घरांनी ज्यूंना लपवलं, युद्ध संपलं तेव्हा तिथे आधीपेक्षा जास्त ज्यू होते. खरी गोष्ट आहे, जरूर सांगा. पण जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल-हुसैनी नोव्हेंबर 1941 मध्ये बर्लिनला जाऊन हिटलरला भेटले, हेही सांगा. नुसती पहिली सांगितली तर ती जाहिरात होते.

मैदानाच्या टोकाला, झाडांच्या पलीकडे, भस्मगृह आहे. विटांची भट्टी. त्या इमारतीत चार स्त्रियांच्या नावाचा एक फलक आहे आणि त्यातलं एक नाव नूर इनायत खान. हे नाव मला ठाऊक होतं, पण ती इथे गेली हे ठाऊक नव्हतं. तिचे वडील, सूफी आणि गायक हजरत इनायत खान, बडोद्याचे. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांना सयाजीराव गायकवाडांचा आश्रय होता आणि बडोद्याची गायनशाळा त्यांनीच सुरू केली. घराण्याचा धागा टिपू सुलतानापर्यंत जातो. इनायत खान काही काळ हैदराबादला निजामाच्या दरबारातही गायले. मुलगी नूर पॅरिसजवळ वाढली, मुलांसाठी जातककथा लिहायची. जून 1943 मध्ये ती नाझींच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये ब्रिटिशांची गुप्त वायरलेस ऑपरेटर म्हणून उतरली. पकडली गेली. कित्येक महिने हातापायात साखळ्या. तिने काही सांगितलं नाही. 13 सप्टेंबर 1944 ला तिला डाखाऊत गोळी घातली. तीस वर्षांची होती.

13 सप्टेंबर ही तारीख वाचून मी थबकले. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला ही तारीख वेगळी आठवते. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, 17 ला निजामाने शरणागती पत्करली. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण तिथून पुढे माझ्या डोक्यात डाखाऊ आणि मराठवाडा वेगळे राहिले नाहीत.

तिथे मेलेल्यांच्या नावांचं एक पुस्तक केलंय. जवळपास 33,000 नावं शोधून काढलीत, बाकीची अजून सापडलेली नाहीत. पानं उलटताना मला प्रथम काय आठवलं माहितीये? आपलं रूळ. 8 मे 2020. जालन्याच्या स्टील कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर रुळावरून चालत निघाले होते, थकून तिथेच झोपले, पहाटे मालगाडीखाली 16 जण गेले. इथून जवळच. त्यांच्या चपात्या रुळावर पडल्याचा फोटो सगळ्या देशाने पाहिला. छळछावणी आणि हा अपघात एक नाही, मी तसं म्हणत नाही. पण त्या 16 जणांपैकी एकाचं तरी नाव मला येतं का? इथे बसलेल्या कुणाला येतं? कोणी हात वर केला नाही. मलाही येत नव्हतं.

दुसरं आठवलं ते दादीचे अब्बा.

माझी दादी लातूरकडची. 1948 साली ती सात-आठ वर्षांची होती. तिचे अब्बा त्या सप्टेंबरात मारले गेले, एवढं घरात माहीत होतं. ते कसे, कुठे, हे कुणी कधी बोललं नाही. लहानपणी विचारलं की दादी म्हणायची, "वो बातां नक्को निकाल, बेटी." आम्ही तिचं नावसुद्धा 'अमक्याची मुलगी' म्हणून कधी ऐकलं नाही. त्यांचा फोटो नाही, कबर नाही.

तुम्हाला माहीत असेल, नेहरू सरकारने नंतर पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती पाठवली होती. नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये ती गावोगाव फिरली. पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर संस्थानात किमान 27,000 ते 40,000 माणसं गेली असा तिचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना. तेव्हा लातूर उस्मानाबादेतच होतं. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. त्यात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, हे सगळं रझाकारांच्या अत्याचारांच्या मागून आलं. दोन, अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवलं.

दर 17 सप्टेंबरला आपल्या गावात झेंडावंदन होतं. भाषणात रझाकार येतात आणि आपण मान खाली घालून बसतो, जणू आपल्यालाच बोलतायत. मग घरी येऊन आपण दुसरी बाजू बोलतो, दार लावून. तिकडे एक हिशोब, इकडे एक. कासिम रझवी लातूरचाच वकील होता हे आपण आपल्या तोंडाने बोलत नाही. रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये ज्याला हैदराबादेत मारलं तो संपादक शोएबुल्ला खान मुसलमान होता, हेही आपल्या पोरांना माहीत नाही.

डाखाऊतली ती च्युइंगम चघळणारी पोरं मारणाऱ्यांची पणतवंडं होती. त्यांना तिथे आणून त्यांच्याच भाषेत सांगत होते की हे आपल्या लोकांनी केलं. असं वाटू देऊ नका की जर्मन लोक फार थोर आहेत. युद्धानंतर कितीतरी वर्षं त्याच बराकींत निर्वासित राहत होते, दुकानं होती, संसार चालू होते. गावाला विसरायचं होतं. वाचलेले कैदी मागे लागले, भांडले, तेव्हा 1965 मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी, स्मारक झालं. आपल्याला पंच्याहत्तरहून जास्त झाली.

डिसेंबरमध्ये परत आले. एक आठवडा नुसती दादीच्या आसपास घुटमळले. मग एका दुपारी तिच्या केसांना तेल लावताना सरळ विचारलं, "दादी, तुमच्या अब्बांचं नाव काय होतं?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग नाव सांगितलं. मग बाकीचं आपोआप आलं.

तिचे अब्बा शिंपी होते. कधी काठी हातात धरली नाही. बाजारावरून आलेच नाहीत. शेजारच्या लिंगायत घरातल्या आजीने दादीला, तिच्या अम्मीला आणि धाकट्या भावाला बळदात उतरवलं. पावसाळ्याच्या शेवटी बळद रिकामंच असतं. वर पोतं टाकलं, हवेपुरती फट ठेवली. तीन दिवस. आमच्या घरी जुनी ज्वारी उन्हात घातली की दादी उठून बाहेर जाते, आम्ही समजायचो तिला दम्याचा त्रास आहे.

मी म्हटलं, किती चांगली माणसं होती ती. दादी म्हणाली, थांब. पुरं ऐक. तिचे चाचा, अब्बांचा धाकटा भाऊ, रझाकारांत होता. खाकी घालून फिरायचा. त्याच लिंगायत घराची बैलजोडी त्याने महिनाभर आधी दावणीतून सोडून नेली होती. आजीच्या मुलाने अडवलं तर त्याचा हात मोडला. तो मोडका हात गळ्यात बांधून तो मुलगा बळदात पाणी द्यायचा. चाचा पळाला आणि वाचला. अब्बा गेले.

शहात्तर वर्षं दादीने अब्बांचं दुःख लपवलंय असं आम्ही समजत होतो. ती चाचाची लाज लपवत होती.

मी एक वही केलीय. पहिल्या पानावर दादीच्या अब्बांचं नाव. दुसऱ्या पानावर त्या आजीचं आणि तिच्या मुलाचं. आजीचं नाव दादीला आठवत नव्हतं, ती तिला नुसतं अव्वा म्हणायची. म्हणून गेल्या महिन्यात मी त्या गावी जाऊन आले. वाडा पडलाय, पण पणतू आहेत. त्यांनी नाव सांगितलं, वर जेवायलाही बसवलं. बैलांची गोष्ट त्यांच्याही घरात कुणी कधी काढली नव्हती. मीच सांगितली. जेवताना सगळे गप्प झाले होते, मग त्यांच्या सुनेने मला आणखी आमटी वाढली.

तिसऱ्या पानावर चाचाचं नाव लिहायला घेतलं तर दादी म्हणाली, "वो नाम नक्को लिख." मी लिहिलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः वही मागवली, तिला वाचता येत नाही, तरी त्या पानावर बोट ठेवून विचारलं, "यहाँ है क्या?" मी हो म्हटलं. मग म्हणाली, "रहने दे. मगर माइक पे नक्को बोल." म्हणून इथे मी एकही नाव घेतलं नाही.

वही बरोबर आणलीय. तिच्यात अजून बरीच पानं कोरी आहेत. ज्यांच्या घरात ऐंशीच्या पुढचं कुणी आहे, कुठल्याही धर्माचं, त्यांनी चहाच्या वेळी मला गाठा. आणि त्या 16 मजुरांची नावं त्या वेळच्या वर्तमानपत्रांत छापून आली होती. ती कुणी उतरवून आणेल का? कात्रणं काढायला औरंगाबादला ग्रंथालयात जावं लागेल. माझी शिफ्ट असते, दोघंतिघं सोबत असलो तर एका रविवारी होईल.